वासुदेवकाकांचं नाक

— आणि मास्क काढा आधी. ओढू नका, चिकटलाय तो, कानामागून सोडवा — हां. बापरे. डावीकडे सरकलंय काका. मान मागे टाकू नका, रक्त घशात जातं, पुढे वाका, अजून पुढे, आणि बर्फ धरून ठेवा. असा. मला येतं हे सगळं. टिलबर्गच्या आमच्या गोदामात फर्स्ट-एडचा कोर्स करून घेतात, रोज कुणाचं तरी बोट ट्रॉलीत सापडतं. म्हणून तर त्या मारेइकेने मला तुमच्याबरोबर आत सोडलं. ज्याने तुमचं नाक फोडलं त्यालाच तुमच्या नाकाला बर्फ लावायला पाठवलं — लायब्ररीतली माणसं भोळी असतात हो, पुस्तकं वाचून वाचून. दाराकडे काय बघताय? कडी मी लावलीय. ती गेली किल्ली आणायला. बसा निवांत. अभ्यासाची खोली आहे, काचेची भिंत आहे, बाहेरून सगळ्यांना आपण दोघं दिसतोय आणि ऐकू काही जात नाही. आणि बोलू तर बिलकुल नका. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात 'अध्यक्षीय दोन शब्द' म्हणून जेवण गार होईपर्यंत तुम्हीच बोललात, आज मी बोलतो.

काय? हे काय करताय हाताने — असं, असं घसरल्यासारखं? हो, बघितलं मी मघाशी. मारेइकेने काचेवर टकटक करून विचारलं, काय झालं, तर तुम्ही स्पीकरच्या वायरीकडे बोट दाखवलंत. अडखळलो. आणि तिच्या मागे माझे बाबा लगेच मान डोलवायला लागले, खेफालन, खेफालन, पडले हो, पडले. तोंडाच्या हालचालीवरून कळलं मला. त्यांना तो शब्द फार आवडतो, माझा दात तुटला होता तेव्हाही डेंटिस्टला हेच सांगितलं होतं. नाही काका. तुम्ही पडला नाहीत. मी मारलं. हॉलमध्ये सगळी पोरंटोरं बसली होती, दीड-दीड मीटरवर खुर्च्या होत्या, प्रत्येकाने दारात लसीचा क्यूआर कोड दाखवला होता, आणि त्या सगळ्यांसमोर अश्वजित गायकवाडने तुमच्या नाकावर ठोसा मारला. पोलिस आले की हे असंच सांगायचं. आज त्यांना यायला उशीर होईल, काल रात्री कोरोनाच्या नियमांवरून रॉटरडॅममध्ये गाड्या पेटल्या, गोळ्या झाडल्या त्यांनी, आज सगळे तिकडेच. पण येतील. आणि आले की पडलो-बिडलो चालणार नाही. मला या वेळी कुणी झाकायचं नाही. एवढी एकच गोष्ट मागतोय.

बघा, अश्वजित म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या. अश्विन नाही. ते बाबांनी तुमच्यासाठी ठेवलेलं नाव. आम्ही हॉलंडला आलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तुमच्या मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमाला गाडीतून जाताना आरशात बघत मला सांगितलं — इथे तुझं नाव अश्विन. शाळेत अश्वजित, डॉक्टरकडे अश्वजित, खेमेन्तेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या कागदावर अश्वजित — डच लोकांना काय फरक पडतो! फक्त मराठी माणूस दिसला की अश्विन. लहान पोराला काय, गंमत वाटते. मला वाटायचं आपण गुप्तहेर आहोत.

आणि मग तुम्ही. दारातच उभे होतात, हातात अत्तरदाणी. गायकवाड म्हणजे... बडोद्याचे का? किती साधा प्रश्न ना. किती गोड. तुम्हाला स्वतःला असा प्रश्न कधी कुणी विचारलाय काका? नसेल, तुमचं आडनाव ऐकलं की लोक सरळ बसायला खुर्ची देतात. आणि माझा बाप — नागपूरच्या सूतगिरणीतल्या भीमसेन गायकवाडचा मुलगा, स्कॉलरशिपवर शिकलेला, इंजिनिअर, ऑफिसात चाळीस लोकांचा साहेब — माझा बाप म्हणाला, हो, लांबचे. लांबचे! दोन शब्द. त्या दोन शब्दांत आमचं अख्खं घर गेलं. कारण त्यानंतर तुम्ही त्यांना सरदार म्हणायला लागलात. या सरदार. सरदारांना अजून एक मोदक वाढा. सरदार, पार्किंगचं बघता का जरा. आणि सगळे हसायचे, आणि सगळ्यात मोठ्याने बाबा हसायचे.

घरात काय चालायचं सांगू? हॉलमध्ये सोफ्याच्या वर बाबासाहेबांचा फोटो. निळ्या सुटातला, आजोबांनी नागपूरहून विमानात मांडीवर धरून आणलेला, त्यांच्या त्या एकुलत्या एका फेरीत. मंडळातलं कुणी येणार असलं की आई खुर्चीवर चढायची. फोटो काढायचा, चादरीत गुंडाळायचा, बेडरूमच्या कपाटात, स्वेटरांच्या मागे. खिळ्यावर कॅलेंडर. तुम्ही चहा पिऊन, आमच्या पडद्यांचं कौतुक करून गेलात की परत खुर्ची, परत फोटो. तुम्ही ज्या सोफ्यावर बसून सांगितलंत ना, हल्ली इथेसुद्धा कोट्यातले लोक यायला लागलेत, क्वालिटी राहिली नाही — त्याच सोफ्याच्या वर तो रिकामा — तो कॅलेंडरचा खिळा. आणि बाबा म्हणाले, घ्या ना काका, चकली घ्या.

रक्त गिळू नका, थुंका. डस्टबिनमध्ये थुंका. मी धरतो.

दात? हा बघा, हा अर्धा. तुमच्यामुळे गेलाय हा. नऊ वर्षांचा होतो, तुमच्या गणपतीला मंडळातल्या त्या पोराने, शिरीषने विचारलं, तुमच्या घरी दीड दिवसाचा की पाच? मी म्हटलं, आमच्याकडे नसतोच, आजोबा म्हणतात आपण बुद्धाचे. एवढंच. शिरीषला तर कळलंही नसेल. पण बाबा मागे उभे होते, हातात प्रसादाची वाटी. परत येताना हायवेवरच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, मला बाहेर काढलं, आणि टायरची हवा भरतात तिथे, त्या मशीनच्या मागे, मारलं. बापाने मुलाला मारावं तसं नाही काका, एखाद्या माणसाने चोराला मारावं तसं. बुटाने. तोंड मशीनवर आपटलं. मग टिश्यूने पुसलं, आत गेले, मला गरम क्रोकेट आणून दिलं आणि स्वतः गाडीच्या बॉनेटवर डोकं ठेवून रडले. मी क्रोकेट खात होतो, तुटक्या दाताने, आणि मला वाटत होतं चूक माझी आहे. नऊ वर्षांच्या पोराला दुसरं काय वाटणार?

म्हातारी माणसं तुम्ही. आदर करा, पाया पडा, काका म्हणा, काकू म्हणा. अरे काय आदर करायचा? एकाने विचारायचं, दुसऱ्याने खोटं बोलायचं, आणि मार तिसऱ्याने खायचा!

माझी मराठी कशी काय इतकी चांगली, हे मघाशी नीलांबरीकाकूंनी विचारलं. तुमची मुलं मराठी शाळेत जाऊन डचमध्ये उत्तरं देतात म्हणून. काकू, मी आजोबांशी बोलायचो. रोज. शाळेतून आलो की फोन. त्यांना डच येत नव्हतं, इंग्रजी तर त्यांनी मुद्दाम सोडून दिली होती. काहून रे अश्वजिता, आज काय शिकला? पहिलं रॅप त्यांना ऐकवलं मी. म्हणाले, हे तर आपले जलशेवाले करत होते, डफ घेऊन, गल्लीत. तुमच्याकडे डफाच्या जागी मशीन आलं एवढंच. दहा वर्षांचे होते ते, छप्पन साली, वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षा घेतली होती. त्या माणसाने उभ्या आयुष्यात एक मूर्ती शिवली नाही. कुणाच्या मृत्यूच्या कार्डावर 'आत्म्यास शांती' छापलेलं असलं तर पेन घेऊन खोडायचे — आत्मा नसतो म्हणे, माणूस असतो.

कोरोनाने गेले. या एप्रिलमध्ये. बेड मिळाला नाही, ऑक्सिजन मिळाला नाही, चुलतभावाने फोनवर दाखवलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, चार माणसं, जाळ. जाता तर येत नव्हतं, विमानं बंद. मी तेव्हा घरीच पडलेला होतो. टिलबर्गचं कॉलेज सोडलं होतं, स्क्रीनवरच्या मास्तरांकडे बघून बघून डोकं सडलं होतं, बाबा माझ्याशी बोलत नव्हते. जानेवारीत कर्फ्यू लागला तेव्हा टिलबर्गात काचा फुटल्या ना, त्यातली एक मी फोडली होती, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. असो. तर आजोबांची शोकसभा ठेवली. झूमवर. तुम्ही होतात ना त्या सभेला? होतात. पांढरा कुर्ता घालून. पण काका, तुम्ही ज्या सभेला होतात ती दुसरी होती.

दोन झूम झाले त्या दुपारी. पहिला आमच्या लोकांचा — नागपूर, भंडारा, मामा, आत्या. त्रिशरण, पंचशील, आजोबांच्या गिरणीतले दोन म्हातारे रडले, मागे भिंतीवर फोटो. संपलं. मग मध्ये अर्धा तास सुट्टी. नाटकात असते तशी, सेट बदलायला. आईने खुर्ची आणली. फोटो खाली. जागेवर समई आली — आमच्या घरात समई नव्हती, ऑनलाइन मागवली होती, त्या माणसासाठी, ज्याने... आणि फोटो ठेवायला कपाटापर्यंत जायलाही वेळ नव्हता. बाबांनी तो माझ्या हातात दिला. म्हणाले, तू इथे बस, कॅमेऱ्याच्या बाजूला, हलू नको. आणि लिंक चालू झाली. तुम्ही सगळे आलात, चौकोनात चौकोन. नीलांबरीकाकूंनी भजन म्हटलं. मंडळातले ते मोरेश्वर म्हणाले, आत्मा अमर असतो. तुम्ही म्हणालात, सरदारांचे वडील म्हणजे एक जुनं खानदानी व्यक्तिमत्त्व — तुम्ही त्यांना कधी बघितलं होतं? — त्यांच्या आत्म्याला सद्गती लाभो. बाबांनी हात जोडले. आणि मी हातभर अंतरावर, कॅमेऱ्याच्या बाहेर, फोटो मांडीवर घेऊन. काच माझ्याकडे. त्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. मला वाटलं, ही काच फोडावी आणि त्यातला तुकडा घेऊन बापाच्या गळ्यावर... खरं सांगतो. कुठून कुठपर्यंत, सगळं डोळ्यांसमोर होतं. रोज येतं ते डोळ्यांसमोर, गोदामात पट्ट्यावर खोकी येतात तसं, एकामागून एक. त्या रात्री घर सोडलं.

म्हणून सांगतो, आज मी भांडायला आलो नव्हतो. मारेइकेने बोलावलं, झूटरमेर गावातला रॅपर, पोरांशी बोल, दोन गाणी म्हण. खूश होतो मी! लहानपणी याच लायब्ररीत हेडफोन लावून सगळं शिकलो. इथे आलो तर बाहेर मंडळाची पाटी. कोरोनामुळे हॉल कमी, म्हणून तिने दोन कार्यक्रम एकात घातले — तुमची शनिवारची मराठी शाळा आणि मी. भाषा एकच आहे ना, म्हणाली, किती छान! बाबा पहिल्या रांगेत. सात महिन्यांनी बघितलं मी त्यांना. बारीक झालेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, पॉझिटिव्ह काहीतरी म्हण हं, मुलं आहेत. मी म्हटलं, हो. खरंच म्हटलं हो! सायकलवरचं एक गाणं आहे माझं, तेच म्हणणार होतो. ते आजारी दिसत होते काका, मला कीव आली.

आणि मग तुम्ही उठलात. दोन शब्द बोलायला. आता आपल्यासमोर कला सादर करणार आहेत, आमच्या सरदारांचे चिरंजीव, बडोद्याच्या दरबाराची परंपरा लाभलेले — अश्विन!

मग काय करणार होतो मी?

जयभीम झूटरमेर, म्हटलं. आणि सुरू झालो. चारच ओळी झाल्या फक्त —

खिळा आहे भिंतीत, खिळ्यावर काहीच नाही,
बेल वाजली दाराची की घरात कोणीच नाही.
दोनदा मेला म्हातारा एकाच दुपारी,
एकदा मेला आमच्यात, एकदा तुमच्या घरी.

बाबा उठले. माईकची वायर उपटली. हळूच म्हणाले, तुझ्या आईसाठी बस कर. मी वायरीशिवाय चालू ठेवलं, मला वायर लागत नाही. मग त्यांनी कानाखाली मारली. तुम्ही ऐकलंत तो आवाज, हॉलमध्ये घुमला. पंपावर बुटाच्या आधी वाजली होती तशीच. आणि मी उजवा फिरवला. इथून, कमरेपासून, सगळं वजन टाकून. मध्ये 'अरे अरे अरे' करत तुम्ही आलात. म्हणजे — ते तुमच्यासाठी नव्हतं काका. ते मला म्हणायचं नव्हतं, पण आता निघालंच तोंडातून. तुम्ही मध्ये पडला नसता तर आत्ता इथे बाबा बसले असते. आणि मी त्यांना बर्फ लावला असता का, ते मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये माझ्या. जयभीम म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मोरेश्वर, नीलांबरीकाकू, सगळ्यांच्या. तुमची नाही वळली. तुम्ही बाबांकडे बघत होतात. मास्क होता तोंडावर, पण डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. हसत होतात. का हसत होतात? धक्का बसतो माणसाला, राग येतो. हसू कसं येईल?

माहीत होतं?

बर्फ हलवू नका, मान हलवा. माहीत होतं तुम्हाला. कधीपासून — तो फोटो कधी दिसला का? नाही. मग? पहिल्यापासून. पहिल्या दिवसापासून? दुसऱ्या? हे काय, कानाला हात, फोन? फोन केलात. नागपूरला. ओळखीतलं कुणीतरी असेलच तुमचं, तुमचं सगळीकडे असतं. एक फोन, आणि काम झालं. आणि त्यानंतर म्हणालात — थांबा, मला नीट लावू दे — सरदार हे त्यानंतर सुरू झालं? फोनच्या नंतर? मोरेश्वरांनाही माहीत? शिरीषच्या घरच्यांना? सगळ्यांना. म्हणजे सरदारांना मोदक वाढा म्हटल्यावर जे हसायचे ते सगळे — आणि त्यांच्यात माझा बाप, सगळ्यात मोठ्याने. आणि आई खुर्चीवर चढत होती. गुडघे गेले तिचे. स्वेटरांच्या मागे. समई मागवली आम्ही. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही पांढरा कुर्ता घालून त्या चौकोनात बसलात, खानदानी व्यक्तिमत्त्व म्हणालात, आणि चौकोनाचौकोनातून तुम्ही सगळे एकमेकांकडे —

च्यायला.

खांदे उडवू नका. गंमत होती? निरुपद्रवी? तुम्ही त्यांना कधी तोडलं नाही, बोलावत राहिलात, हे उपकार? हो, बोलावत राहिलात. माकडवाला माकड सोडतो होय?

वळून बघा. काचेपलीकडे. आले माझे बाबा. शर्टाच्या बाहीवर तुमचं रक्त आहे आणि हातात कागदी पेला आहे, बघितला? त्यात बर्फ आहे. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. खाली कॅफेत जाऊन मागून आणलाय, आधीचा वितळला असेल म्हणून. दोन बोटांनी टकटक करतायत, काकांना त्रास नको म्हणून हळू. तिकडे बघून हसा त्यांच्याकडे. हसा म्हटलं ना. त्यांना अजून वाटतंय, फक्त मी बोललो म्हणून तुम्हाला कळलं. त्यांना वाटतंय, एवढी वर्षं सांभाळलं आणि पोराने चार ओळींत घालवलं. राहू दे. तसंच वाटू दे. माझा राग राग करू दे, मला चालेल.

ऐका आता, एकदाच सांगतो. तुम्हाला आधीपासून माहीत होतं हे त्या माणसाला मरेपर्यंत कळता कामा नये. तुमच्याकडून नाही, मोरेश्वरांकडून नाही, कुणाकडूनही नाही. मी हे बोलतोय, मी, जो सगळं कपाटातून बाहेर काढायला आलो होतो. कळलं? मान हलवा. आणि यापुढे बाबांना सरदार म्हणायचं नाही. नरेंद्रराव म्हणायचं.

मारेइके आली किल्ली घेऊन. तिच्या मागे पोलिस पण दिसतोय, एकच आहे, थकलेला. वेळ कमी आहे. अजून तेच, वायरीकडे बोट? अडखळलो सांगणार? सांगा ना. एकदा अडखळून माणसाचं नाक दोनदा फुटत नाही.

पहिला चुकून बसला काका, तो बाबांचा होता.

बर्फ खाली ठेवा.